आत्यांचा गुरुवार आणि मुक्कामाची गाडी

गेलेली एस.टी. परत येतेच, अशी विसाव्या वर्षी माझी पक्की समजूत होती. पुण्यात आमच्या घरावरून जी बस जायची ती थोड्या वेळानं उलट्या तोंडानं परत यायची. जगातल्या सगळ्या बसगाड्यांचा स्वभाव तोच असणार, हे मी धरूनच चालले होते. त्या समजुतीपायी मी एका गुरुवारी संध्याकाळी माझ्या आत्येसासूबाईंना घेऊन कर्नाळ्याच्या बाजूच्या एका खेड्यात फिरायला गेले, आणि आमची गाडी काही परत फिरली नाही. म्हणजे फिरली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी.

मूर्खपणा एवढाच. पण आमच्या सासरी तो वर्षानुवर्षं पुरवून पुरवून वापरला गेला. मी वाण्याकडे गेले आणि यायला उशीर झाला की दीर विचारायचे, “काय वहिनी, मुक्कामाची होती का?” आता विचारणारं कुणी उरलेलं नाही, तेव्हा मीच सांगून टाकते. सावकाश सांगते. हल्ली मला सगळं सावकाशच जमतं.

लग्न होऊन मी पनवेलला आले तेव्हा तिथे रेल्वे पोचलेली नव्हती. जे काही येणंजाणं ते एस.टी.नं, नाहीतर बैलगाडीनं. सासरे वकील होते. घरात माणसं भरपूर, त्यातून पक्षकार येऊन बसलेले. घरात काम करणारी माणसं दोन. एक सासूबाई, त्या कामं सांगायच्या. दुसऱ्या आत्या, त्या ती करायच्या. आत्या म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण. नवरा लहानपणीच गेला, तेव्हापासून भावाच्या घरी. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून त्या बंब पेटवायच्या, विहिरीचं पाणी भरायच्या, चहाचं आधण ठेवायच्या, आणि रात्री सगळ्यांच्या नंतर चूल सारवून आडव्या व्हायच्या. मधल्या वेळात काय करायच्या ते लिहायला घेतलं तर माझीच पाठ दुखेल.

तिसरी मी आले. मी काय करायची? मी दमायची. दोन पोळ्या लाटल्या की हाताला फुंकर घालायची, आणि मग माडीवरच्या खिडकीशी उभी राहून सुस्कारे टाकायची. त्या खिडकीतून हवा स्वच्छ असली की कर्नाळ्याचा सुळका दिसायचा, कुणीतरी जमिनीतून अंगठा वर काढावा तसा. मला वाटायचं तो मलाच बोलावतोय. त्या वयात सगळं जग आपल्यालाच बोलावत असतं. माहेरी मला टेकडीवर फिरायला जायची सवय होती आणि तिचा मला फार अभिमान होता. फिरायला जाणारी माणसं न जाणाऱ्यांपेक्षा जरा वरच्या पायरीवरची, असं मला वाटे. एक दिवस धीर करून सासूबाईंना म्हणाले, “मला फिरायला जायचंय.”

“कुणाकडे?”

“कुणाकडे नाही. नुसतं फिरायला.”

“नुसतं म्हणजे?”

आता नुसतं म्हणजे काय, ते कसं सांगणार? त्या काळच्या पनवेलात बाईमाणूस घराबाहेर पडायचं ते देवळात, हळदीकुंकवाला, नाहीतर कुणाच्या बाळंतिणीला बघायला. रस्ता हा कुठेतरी पोचण्यासाठी असतो. तिथे न पोचता नुसतंच त्याच्यावरून चालून परत यायचं, हे सासूबाईंना पटेना. पण मी सुस्कारे टाकणं सोडलं नाही. शेवटी त्याच कंटाळल्या. म्हणाल्या, “गुरुवारी जा. आत्याला घेऊन जा. आणि दिवे लागायच्या आत घरात. एकदा जरी चुकलं तर गुरुवार बंद, सांगून ठेवते.”

गुरुवार अशासाठी की त्या दिवशी आमच्या घरात सगळे एकभुक्त असायचे. दुपारचं जेवण झालं की रात्री दूध आणि केळी. चूल थंड. म्हणजे आठवड्यात तेवढी एकच संध्याकाळ आत्यांना सोडता येण्यासारखी होती. आत्यांना बरोबर द्यायचं कारण काय ते उघड होतं. माझ्यावर पहारा.

मी मनातून चिडले. आत्यांनी मात्र ऐकलं आणि हातातलं तांदळाचं सूप खाली ठेवलं. “मला न्यायचंय?” एवढंच विचारलं, आणि सूप परत उचललं.

माझा फिरायला जायचा थाट काय वर्णावा. पायात नवऱ्याचे कॅनव्हासचे बूट. ते मोठे व्हायचे म्हणून पुढे चिंध्या कोंबलेल्या. हातात छत्री, काखेत एक पुस्तक, जे मी एकाही गुरुवारी उघडलं नाही. आत्यांच्या पायात वहाणा, अंगावर विटकं पण स्वच्छ नऊवारी. ते त्या बुधवारीच धुऊन वाळवून, रात्री घडी करून उशाखाली ठेवायच्या. पिशवीत दोन केळी. आम्ही दोघी स्टँडवर उभ्या राहिलो की ओळखीची माणसं थांबून विचारायची, “कुणी आजारी आहे का?”

पहिल्यांदा आम्ही पळस्प्यापर्यंत गेलो. तिथे गोव्याचा रस्ता फुटतो, त्या फाट्यावर उतरून शेतांच्या कडेनं थोडं चाललो आणि चिंचेखाली बसून परत आलो. मग एकदा उरणच्या गाडीनं जासईकडे, मिठागरांच्या बांधावर. पांढऱ्या मिठाच्या राशी बघून मी फार भारावले. आत्या म्हणाल्या, “उचलून डोक्यावरून नेत असतील ना बायका?” आणि रस्त्याकडेला सावली शोधून बसल्या. नंतर मला एक गाव सापडलं. पळस्पे सोडल्यावर गोव्याच्या रस्त्यानं पुढे जाऊन एका फाट्याला गाडी आत वळायची, खडखडत बरंच आत जायची आणि वडाच्या पाराला वळसा घालून उभी राहायची. दुपारची गाडी थोडा वेळ थांबून तीच परत पनवेलला. आमच्यासाठी अगदी मापाचं. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथली माणसं आता मोठी झाली आहेत. त्यांच्या ओटीवर एका वकिलाची बहीण घोरत पडली होती, हे छापलेलं त्यांना आवडायचं नाही.

मागच्या वर्षी नातवानं मला गाडीतून त्या बाजूला नेलं होतं. पळस्प्याला इतके रस्ते एकमेकांच्या अंगाखांद्यावर चढलेत की कुठला फाटा आणि कुठलं काय. नातू म्हणाला, “आजी, नाव सांग, फोनवर शोधतो.” म्हटलं राहू दे. मला उतरायचा कंटाळा आला होता. गुडघे आता आधी बसायची जागा बघतात, मग डोंगर.

तर ते गाव. गाडी थांबली की मी उतरून तरातरा बांधावरून निघायची. आत्या पारावर बसायच्या. पाठ वडाच्या बुंध्याला, पाय सरळ पुढे, डोळे मिटलेले. समोर कर्नाळ्याचा सुळका, भाताची शेतं, बगळे, सगळं मांडून ठेवलेलं, आणि ह्या डोळे मिटून. मला राग यायचा. एकदा मी त्यांना मुद्दाम हलवलं.

“आत्या, बघा तरी. उन्हानं डोंगर कसा सोन्यासारखा झालाय.”

“झालाय खरा,” आत्या म्हणाल्या. डोळे मिटलेलेच.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, “तुमच्या आत्यांना निसर्गाची जराही आवड नाही.”

तो वर्तमानपत्र वाचत होता. ते खाली न घेता म्हणाला, “तिला बसायची आवड आहे. कधी बसलेली पाहिलीस का तू तिला घरात?”

मी म्हटलं, सगळ्यांनाच कामं असतात. मला स्वतःला तेव्हा काय कामं होती ते वर सांगितलंच आहे.

आता तो गुरुवार. दिवाळी होऊन गेली होती. मला माहेरून व्हॉइलची साडी आली होती, फिकट निळी, बारीक फुलांची. ती नेसून फिरायला जायचं असं मी ठरवलं. आता वडाचा पार, चार म्हशी आणि डोळे मिटून बसलेल्या आत्या, यांच्यापुढे ती साडी कुणासाठी मिरवायची होती कुणास ठाऊक. पण नेसले, सोडली, पुन्हा नेसले. अंबाडा घातला, तो आवडला नाही, वेणी घातली. आत्या जेवणं आवरून पिशवी घेऊन दाराच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. एकदा त्यांनी आत डोकावून नुसतं बघितलं. त्या कधीच कुणाला घाई करायच्या नाहीत. घाई आपण करायची असते, दुसऱ्याला सांगायची नसते, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा दुपारची गाडी गेलेली होती.

“राहू दे मग,” आत्या म्हणाल्या आणि तिथल्या तिथे वळल्या. “घरी डाळ निवडायची पडलीच आहे.”

त्या वळल्या तेव्हा मला त्यांचा चेहरा दिसला. मी कनवाळू होते असं काही मला इथे सुचवायचं नाही. माझा निम्मा जीव त्या साडीत होता. पण बाकीच्या निम्म्याला तो चेहरा बघवला नाही. मी वेळापत्रकाच्या फळ्याकडे बघून ठामपणे सांगितलं, “अहो, संध्याकाळची आहे ना. जाऊन तशीच परत येऊ.”

“दिवे लागायच्या आत?”

“गाडी जाणार, वडाला वळसा घालणार, की आलीच परत. वेळ लागतोय कशाला?”

आत्या थांबल्या. मला सगळं कळतं, यावर त्या घरातला त्यांचा एकटीचाच विश्वास होता. आम्ही बाकावर बसून राहिलो.

संध्याकाळची गाडी बाजार करून परतणाऱ्या माणसांनी भरलेली होती. रिकाम्या टोपल्या, रॉकेलचे डबे, एक कोंबडी. आत्यांच्या शेजारच्या बाईच्या मांडीवर सुक्या बोंबलांचं गाठोडं होतं. आत्यांनी पदर नाकाला लावला, तशी ती बाई म्हणाली, “बसा गो आजी सरकून. बोंबील सुके हाय, चावाचे नाय.”

आत्या सरकल्या. थोड्या वेळानं पदर नाकावरून खाली आला. आणखी थोड्या वेळानं दोघी बोलत होत्या, कुणाचा गुडघा जास्त दुखतो यावर.

कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापाशी आला. “कुणाकडे निघालात?”

“कुणाकडे नाही. फिरायला.”

त्यानं खिडकीतून उतरत्या सूर्याकडे बघितलं, मग माझ्या साडीकडे बघितलं.

“परतीचं पण आत्ताच द्या,” मी पुण्याच्या सुरात म्हणाले.

“परतीचं परत येताना,” तो म्हणाला आणि पुढे सरकला.

तेवढ्यावर एखाद्या शहाण्या बाईनं दोन प्रश्न विचारले असते. मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

वडापाशी उतरलो तेव्हा ऊन सुळक्याच्या शेंड्यावर तेवढं उरलं होतं. भात कापून झालं होतं. आत्या नेहमीच्या जागी बसल्या. “मी आलेच हं, गाडी फिरेपर्यंत,” असं म्हणून मी नवी साडी सांभाळत बांधावर चढले. कापलेल्या भाताचे खुंट साडीला धरून ठेवत होते, बुटातल्या चिंध्या बाहेर येत होत्या, पण मी मानेनं फार डौलात चालत होते. एका बगळ्यानं बघितलं आणि उडून गेला. आसपास तेवढाच काय तो प्रेक्षक होता. वळून आले तेव्हा झाडांखाली अंधारायला लागलं होतं, आणि जे दिसलं ते मला आधी कळेचना.

गाडीच्या चाकांना पुढून मागून धोंडे लावलेले. ड्रायव्हर विहिरीवर उघडाबंब अंघोळ करतोय. कंडक्टर गाडीच्या आत, मागच्या लांब बाकावर चादर अंथरतोय. कोंबड्या गाडीखाली जाऊन बसल्यात.

“अहो, गाडी कधी सुटणार?”

“सकाळी,” तो चादरीची सुरकुती काढत म्हणाला.

“सकाळी कशी? आम्हाला आत्ता परत जायचंय.”

“ही मुक्कामाची गाडी आहे, ताई. रात्री इथेच असते. सकाळी गावातली माणसं, दूध, भाजी घेऊन पनवेलला जाते. रोजचंच आहे.”

“मग आधी सांगायचं नाही का?”

“काय सांगायचं? ह्या गाडीत जो बसतो तो घरी चाललेला असतो. तुम्ही फिरायला चाललेल्या. म्हटलं, कोण जाणे, पुण्याकडे रात्री फिरत असतील.”

दिवे लागायच्या आत म्हणजे आत्ता. आत्ता आमच्या घरी तुळशीपाशी पणती लागत असेल आणि सासूबाई रस्त्याकडे बघत असतील. गुरुवार गेला, हे मला तिथेच उभ्या उभ्या कळलं. आणि कळल्याबरोबर मी भांडायला लागले, कारण दुसरं काही येत नव्हतं.

“सार्वजनिक गाडी आहे ही,” मी म्हणाले. “लोकांच्या सोयीसाठी असते. अशी झोपून कशी राहते?”

“सार्वजनिक आहे म्हणून तर झोपते,” तो म्हणाला. “खाजगी असती तर मालकानं झोपू दिली असती का? ताई, दिवसभर ही किती खड्ड्यांतून गेली ते तुम्ही नाही बघितलं. ड्रायव्हरसाहेबांचा खांदा बघा जाऊन. सगळी दमलीत. उद्या बोला काय बोलायचं ते.”

“आम्ही चालत हमरस्त्याला जातो मग. पेणकडून येणारी गाडी मिळेल.”

“मिळेल, पण ती भरून येते. अंधारात हात दाखवणाऱ्या दोन बायकांसाठी थांबायची नाही. तिथे उभ्या राहण्यापेक्षा इथे बसा.”

मी पाराकडे धावले. “आत्या, उठा. गाडी जात नाहीये. आपल्याला चालायला लागेल.”

आत्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, चाकांच्या धोंड्यांकडे बघितलं. त्यांना सगळं माझ्याआधी कळलेलं असावं.

“मी चालणार नाही,” त्या म्हणाल्या.

मी आत्यांच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला. घरात त्यांच्याकडे तो नव्हताच.

“अहो पण घरी? सासूबाई? गुरुवार बंद होईल.”

“तो आता झालाच आहे. त्यासाठी रात्रीची पायपीट कशाला?” असं म्हणून त्यांनी पाय पुन्हा लांब केले.

एवढ्यात मघाची बोंबीलवाली बाई आली. तिचं घर वडाच्या पलीकडेच होतं. गावात बातमी आमच्यापेक्षा पुढे पोचलेली. “आजी, आमचेकरं रावा. गारी सकालची जाईल. कोनी सांगला नाय तुमाला?” आणि माझ्या साडीकडे बघून, “ही कनाला नेसवून आनलीव? लगीन हाय काय कोनाचा?”

आत्या हसल्या. तोंडाला पदर लावून, पण हसल्या. पोरकट पोरगी आहे, असं काहीसं पुटपुटल्या, तेही मला ऐकू येईल इतपत.

तिच्या घराची ओटी शेणानं सारवलेली, गार. तिनं गोधडी अंथरली आणि विचारलं, “जेवाल ना? भात हाय, सुकटीचा कालवन हाय.” मी आत्यांकडे बघितलं. दुसऱ्याच्या घरचं पाणीही न पिणाऱ्या बाई. आता काय प्रसंग येतो, म्हणून सारवासारव करायला मी जीभ तयार करत होते.

“आज माझा गुरुवार,” आत्या म्हणाल्या.

“मंग दूद?”

“दूध चालेल. थोडा गूळ असला तर घाल.”

मी कालवण खाल्लं. भूक लागली होती. सासरी पुढे कित्येक वर्षं मी हे सांगितलं नाही आणि आत्यांनीही सांगितलं नाही. दूध पिऊन झाल्यावर त्या बाईनं विचारलं, “सकाली लवकर उठवू काय?”

माझ्या आत्येसासूबाई, ज्यांना पनवेलात कोंबड्याच्या आधी उठवायला कुणाला हाक मारावी लागत नसे, त्या म्हणाल्या, “गाडी सुटेल तेव्हा उठव. त्याच्या आधी नको.” आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. हाताची उशी, पाय गोधडीबाहेर. घोरायला लागल्या.

मी डास मारत बसले. अन् मनातल्या मनात सासूबाईंना द्यायची उत्तरं पाठ करत होते. एक एक उत्तर इतकं बाणेदार होतं की काय सांगू. त्यातलं एकही नंतर वापरलं नाही.

सकाळी धुकं होतं. पारापाशी दुधाच्या कासंड्या आल्या, दुधी आणि वांग्यांच्या टोपल्या टपावर चढल्या, माणसं गाडीत बसली. आत्या झोपलेल्या. मी हलवलं, त्या वळल्या आणि पुन्हा झोपल्या. ड्रायव्हरनं एकदा हॉर्न वाजवला. काही नाही. घरमालकीण म्हणाली, “निजू द्या ना वाईच. म्हातारी दमलीय.”

गाडीतून एक भाजीवाला ओरडला, “पनवेलचा बाजार आजींचे निजेवर उघरनार हाय काय?”

“गाडी झोपली, ड्रायव्हर झोपला, तू पण झोपलास,” कंडक्टर म्हणाला. “आजींनी तेवढं काय घोडं मारलंय? बस खाली.”

आणि खरंच ती गाडी थांबून राहिली. एस.टी. कुणासाठी थांबली असं मी त्याच्या आधी पाहिलं नाही आणि नंतरही नाही. आत्या उठल्या त्या शेवटी कुणी न उठवता. उठून बसल्या, केस सारखे केले, आणि समोर भरलेली गाडी आपल्याकडे बघत बसलेली दिसली तेव्हा लाजून पदर पुढे ओढला. पण घाई केली नाही. तोंड धुतलं. पिशवीतली दोन केळी राहिली होती ती त्या बाईच्या हातात ठेवली. मग चढल्या. कंडक्टरनं परतीची तिकिटं फाडून दिली आणि मला म्हणाला, “बघा, म्हटलं होतं ना, परतीचं परत येताना.”

आम्ही मेलोबिलो नाही, हे घरी ठाऊक होतं. नवरा रात्री कंदील घेऊन स्टँडवर गेला होता. तिथल्या माणसानं त्याला सांगितलं, ती मुक्कामाची गाडी आहे, गाडी येईल तशा बायका पण येतील. हे ऐकून नवरा तिथेच हसला आणि घरी येऊन हसला. दुसऱ्यांदा हसला ते चुकलं.

आम्ही आत शिरलो तेव्हा सासूबाई चुलीपुढे बसल्या होत्या. डोळे धुरानं लाल, गालावर काजळी, पदर ओला. बंब पेटला नव्हता. सासऱ्यांची अंघोळ राहिली म्हणून पूजा राहिली, पूजा राहिली म्हणून चहा राहिला, आणि ते पक्षकारांसमोर पंचा नेसून तोंड वाकडं करून बसले होते. धाकटा दीर कोरडी भाकरी चावत जिन्यावर. ताक घुसळायची रवी विहिरीशी कशी गेली होती ते आजतागायत कळलेलं नाही.

सासूबाईंनी आम्हाला दोघींना वरपासून खालपर्यंत बघितलं. माझ्या साडीला शेण आणि भाताचे खुंट. आत्यांचा चेहरा मात्र धुऊन काढल्यासारखा, डोळ्यांखालची काळी वर्तुळं नाहीशी. मला वाटतं, सासूबाईंना माझ्या साडीपेक्षा त्या चेहऱ्याचा राग आला.

“आलात?” त्या म्हणाल्या.

“आलो,” मी म्हणाले. पाठ केलेल्या उत्तरांतलं हे नव्हतं.

“वकिलाच्या घरातल्या बायका कुणाच्या ओटीवर पडून राहिल्या. गावभर झालं. मी सांगितलं होतं, दिवे लागायच्या आत.”

“गाडी मुक्कामाची होती,” मी म्हणाले.

“गाडी मुक्कामाची असते, सुना नसतात. आजपासून गुरुवार बंद. दोघींचाही.”

मी आत्यांकडे बघितलं. काही बोलतील असं वाटलं. काल ‘नाही’ म्हणाल्या होत्या ना. पण त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली, पदर खोचला, सासूबाईंच्या हातातून फुंकणी घेतली आणि बंबापाशी जाऊन बसल्या. थोड्या वेळात पाणी कढलं, सासरे अंघोळीला गेले, घंटा वाजली, चहा झाला, घर जसं होतं तसं चालायला लागलं. मी कोपऱ्यात उभी होते. मला पहिल्यांदाच काहीतरी दिसलं होतं, पण काय दिसलं ते नीट सांगता यायचं नाही इतकी मी लहान आणि मठ्ठ होते. आज दिसतं, तर आज माझ्याच्यानं उभं राहवत नाही.

दुपारी जेवणं झाली. सासूबाई आडव्या झाल्या, त्यांच्या झोपेचा आवाज यायला लागला. आत्या मागच्या पडवीत डाळीचं सूप घेऊन बसल्या होत्या, कालपासून निवडायची राहिलेली तीच डाळ. मी शेजारी जाऊन बसले आणि खडे काढायला लागले. माझ्यामुळे त्यांची आठवड्यातली एकुलती एक संध्याकाळ गेली होती.

“आत्या,” शेवटी म्हणाले, “माझ्यामुळे तुमचा गुरुवार गेला.”

आत्यांनी सूप एकदा पाखडलं. आतल्या खोलीकडे कान देऊन सासूबाईंची झोप नीट लागली आहे ना ते ऐकलं. मग खडे शोधता शोधता, वर न बघता, हळू आवाजात म्हणाल्या, “वहिनी गुरुवार बंद म्हणाल्या, बुधवारचं काही बोलल्या नाहीत. ती मुक्कामाची गाडी बुधवारी पण जाते का, तेवढं विचारून ठेव. आणि या खेपेला अंथरायला आपली चादर घेऊ.”